ओलिसांवर उभी राहिलेली राज्ये



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कंत्राटी कामगारांवर किंवा नव्या कामगार कायद्यांवर बोलेन अशी त्यांची साहजिक अपेक्षा होती. मी ‘आयर्लंडातील जुन्या राजांची भांडणे’ असे उत्तर दिल्यावर त्यांच्यापैकी एकाने फार सभ्यपणे विचारले, ‘पण साहेब, हजार वर्षांपूर्वी तिकडच्या राजांनी एकमेकांच्या गाई पळवल्या, त्याचे आम्ही काय करायचे?’ प्रश्न रास्त आहे. आजचे व्याख्यान म्हणजे त्याच प्रश्नाचे उत्तर समजावे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. माझी शाळा नववीला सुटली. पुढचे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडा ठेवून. गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो आणि या तीस वर्षांत ‘एकी’ हा शब्द मी गेटसभांतून किती वेळा उच्चारला असेन याची मोजदाद नाही. जो शब्द आपण रोज विकतो त्याचा माल कसा आहे हे कधीतरी तपासून पाहावे. आयर्लंडचा इतिहास मला त्यासाठी उपयोगी पडला. कारण एकी कशी होते, कशी भासते आणि कशी मोडते, याचा इतका लांबलचक हिशेब दुसऱ्या देशात सहसा सापडत नाही.

प्रथम देशाचे रूप पाहू. रोमन साम्राज्याने इंग्लंड जिंकले, पण आयर्लंड कधी जिंकले नाही. त्यामुळे रोमन रस्ते, रोमन शहरे, रोमन कारभार यांपैकी तिथे काही आले नाही. पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्म आला आणि त्याच्याबरोबर लेखनविद्या आली. सातव्या-आठव्या शतकात पाहावे तर या बेटावर शंभर ते दीडशे छोटी राज्ये होती. अशा राज्याला ‘तुआथ’ म्हणत आणि प्रत्येक तुआथला आपला राजा. आपल्या एखाद्या तालुक्याहूनही लहान मुलूख आणि त्याला एक स्वतंत्र राजा! त्याच्यावर तीन-चार तुआथांचा वरचढ राजा आणि त्याच्यावर प्रांताचा राजा. अल्स्टर, कॉनॉट, लेन्स्टर, मन्स्टर ही प्रांतांची नावे आजही टिकून आहेत.

या देशात नाणे नव्हते. डब्लिनला पहिली नाणी पाडली गेली ती दहावे शतक संपता संपता, आणि तीही तिथे वसलेल्या उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी. तोवर सगळा हिशेब गाईंत. दंड गाईंत, हुंडा गाईंत, माणसाच्या अब्रूची किंमतही गाईंत. त्याहून मोठे एक माप होते, त्याचे नाव ‘कुमल’. कुमल या शब्दाचा मूळ अर्थ गुलाम स्त्री. तुआथच्या राजाची अब्रू सात कुमलांची. कायद्याच्या पोथ्या लिहिल्या जाईपर्यंत प्रत्यक्ष बाई द्यावी लागत नसे, तितक्या किमतीची गुरे चालत. पण ज्या समाजाने किमतीच्या मापालाच बटकीचे नाव दिले, त्याचा पाया कशावर होता हे निराळे सांगायला नको.

आता राजा कसा होत असे? बापाचे राज्य थोरल्या मुलाला, हा नियम तिथे नव्हता. ज्याचा बाप, आजा किंवा पणजा राजा होता तो कोणीही गादीवर हक्क सांगू शके. म्हणजे सख्खे भाऊ, चुलत भाऊ, काका, पुतणे सगळे एकाच वेळी उमेदवार. यातून सर्वांत कर्तबगार माणूस पुढे यावा अशी कल्पना. व्यवहारात काय होत असे ते सांगायला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे : भाऊबंदकी. गादी हुकली की ती शाखा काही पिढ्यांत सामान्य शेतकऱ्यांत मिसळून जाई. म्हणून प्रत्येक पिढीत प्रत्येक शाखेला वाटे, की आत्ता नाही तर कधीच नाही.

राजाच्या अंगावर व्यंग असता कामा नये, असाही दंडक होता. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला ठार मारण्याऐवजी त्याचे डोळे काढण्याची दुष्ट पद्धत पडली. मधमाश्यांविषयीच्या एका जुन्या कायदेपोथीत काँगल नावाच्या राजाचा दाखला येतो. मधमाशी चावून त्याचा एक डोळा गेला आणि त्यापायी त्याला टारा येथील मानाचे राजपद सोडावे लागले. पोथीला राजकारणाशी कर्तव्य नाही. माशी चावली तर पोळ्याच्या मालकाने किती भरपाई द्यावी, एवढाच तिचा प्रश्न आहे! हा काँगल पुढे 637 साली मॉयराच्या लढाईत मारला गेला.

इसवी सन 700 च्या सुमाराची ‘क्रीथ गाब्लख’ नावाची आणखी एक पोथी आहे. समाजात कोणाचा दर्जा काय, हा तिचा विषय. तिच्यात राजाचा आठवडा नेमून दिला आहे. रविवारी मद्यपान, सोमवारी राज्याराज्यांतले कज्जे, मंगळवारी पटावरचा खेळ, बुधवारी शिकारी कुत्र्यांची शर्यत पाहणे, गुरुवारी पत्नीचा सहवास, शुक्रवारी घोड्यांची शर्यत आणि शनिवारी न्यायदान. म्हणजे आठवड्यातून कामाचे दिवस दोन! आम्ही इतकी वर्षे मागणीपत्रे लिहितो, पण इतकी मागणी करण्याचे धाडस आमच्याने झाले नाही. त्याच पोथीत असेही म्हटले आहे, की राजा जर हातात कुऱ्हाड, फावडे किंवा मोगरी घेतलेला आढळला, तर त्याची अब्रू तेवढ्यापुरती सामान्य शेतकऱ्याच्या किमतीवर येते. मी हे वाचले तेव्हा पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले. अवजार हाती धरले की माणसाची किंमत उतरते, ही समजूत केवळ आपल्याकडचीच नव्हे, हे त्या दिवशी मला कळले.

अवजार धरणारे कसे जगत होते? जमीनदार, म्हणजे त्यांच्याकडचा सरदार, शेतकऱ्याला गाई देई. आपल्याकडे काही भागांत गाय वाट्याने पाळायला देतात, तसाच हा प्रकार म्हणा. मोबदल्यात शेतकऱ्याने दरवर्षी लोणी, सातूचे पीठ, वासरू, डुकराचे मांस पोचवायचे, सरदाराच्या कापणीला जायचे, त्याच्या गढीचा तट बांधायला हात लावायचे आणि हिवाळ्यात सरदार आपल्या मंडळींसह घरी जेवायला येऊन बसला तर त्याला पोसायचे. सरदाराने तसेच राजाला द्यायचे. लहान राजाने मोठ्या राजाला द्यायचे. मोठ्या राजाने मात्र धाकट्याला उलट भेट द्यायची आणि धाकट्याने ती स्वीकारली की तो मांडलिक झाला. घेणारा हात खाली, देणारा हात वर.

नवा राजा गादीवर बसला की त्याने शेजाऱ्याच्या मुलखात एक धाड घालून गुरे हाकून आणायची, असा रिवाज होता. त्यावरून त्याचा वकूब ठरे. दोन राजांचे वैर म्हणजे इतिहासात एका ओळीची नोंद. परंतु त्या ओळीच्या मागे कोणाची तरी दुभती गाय गेलेली असते. नाणे नसलेल्या देशात गाय गेली म्हणजे पोराचे दूध गेले, सरदाराचा हप्ता चुकला आणि हप्ता चुकला म्हणजे माणूस आणखी खालच्या पायरीला गेला.

इथे मला जेम्स कॉनोलीचा उल्लेख करावा लागतो. कॉनोली हा आयर्लंडच्या कामगार चळवळीचा मोठा पुढारी. 1916 च्या उठावानंतर जखमी अवस्थेत खुर्चीवर बसवून इंग्रजांनी त्याला गोळ्या घातल्या. त्याच्याविषयी मला अपार आदर आहे आणि आयर्लंडच्या इतिहासाकडे मी वळलो तो त्याच्याच पुस्तकामुळे. 1910 साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो, की जुन्या आयर्लंडात जमीन कुळाच्या सामाईक मालकीची होती, नायक कुळाने निवडलेला असे आणि जमिनीची खाजगी मालकी ही परक्यांनी आणली. चित्र फार गोड आहे. गुलाम देशातल्या माणसाला आपला भूतकाळ तसा दिसावा हे समजण्यासारखेही आहे. पण जुन्या कायद्यांच्या पोथ्या संशोधकांनी नीट वाचून छापल्या, क्रीथ गाब्लख तर 1941 साली बिंची यांनी संपादून प्रसिद्ध केली, आणि त्या पोथ्यांतून निराळेच चित्र पुढे आले. त्यात गुलाम आहेत, कुळे आहेत, सरदार आहेत आणि प्रत्येकाच्या अब्रूला वेगळा भाव आहे. आपल्या बाजूच्या माणसाने सांगितले म्हणून इतिहास खरा ठरत नाही, आणि तो तसा नव्हता म्हणून आपली आजची मागणी खोटीही ठरत नाही. समतेला पूर्वजांचा दाखला लागतोच असे नाही.

आता मुख्य कथेकडे येतो. या सगळ्या राजांत दोन बड्या राजकुळांचे वजन होते. उत्तरेत ई नेल, म्हणजे नीअल नावाच्या पूर्वजाचे वंशज. टारा या टेकडीच्या नावाने ते स्वतःला सर्वांत वरचे राजे म्हणवीत. दक्षिणेत, मन्स्टरमध्ये, कॅशेलच्या खडकावर ओगनख्ता कुळाचे राजे. ई नेलांतही उत्तरेचे व दक्षिणेचे असे दोन तट होते आणि आठव्या शतकापासून टाराचे पद त्यांच्यात बहुधा आळीपाळीने फिरत राहिले. मठही या भांडणांपासून अलिप्त नव्हते. 764 साली क्लॉनमॅकनॉइस आणि डरो या दोन मठांच्या माणसांची चक्क लढाई झाली आणि डरोचे दोनशे लोक पडले, अशी बखरींत नोंद आहे. 795 पासून उत्तरेकडच्या समुद्री लुटारूंच्या धाडी सुरू झाल्या आणि 841 साली त्यांनी डब्लिनला तळ ठोकला. पुढे पुढे हे परके लोकही इथल्या राजकारणातला एक पक्ष बनून गेले. कोणता ना कोणता आयरिश राजा त्यांच्या बाजूला असेच.

दहाव्या शतकात शॅनन नदीकाठच्या एका दुय्यम घराण्यातून ब्रायन बोरू पुढे आला. त्याचा भाऊ 976 साली दगाफटक्याने मारला गेला. दोन वर्षांत ब्रायनने भावाचा सूड उगवला आणि मन्स्टर हाताखाली घातले. त्याच सुमारास, 980 मध्ये, टाराच्या गादीवर ई नेलांचा मालशेख्नल आला. इंग्रजी पुस्तकांत त्याला मॅलकी म्हणतात, आपणही तसेच म्हणू. दोघेही कर्तबगार. सतरा वर्षे दोघांनी एकमेकांचे मुलूख जाळले. अखेर 997 साली क्लॉनफर्ट येथे दोघे भेटले आणि त्यांनी देश वाटून घेतला. उत्तरेचा अर्धा मॅलकीचा, दक्षिणेचा अर्धा ब्रायनचा. मॅलकीने लेन्स्टरचे आणि डब्लिनचे ओलीस ब्रायनच्या हवाली केले.

हे ओलीस म्हणजे काय, ते नीट लक्षात घ्यावे. हरलेल्या राजाने आपला मुलगा, भाऊ किंवा पुतण्या जिंकलेल्याकडे पाठवायचा. शब्द मोडला तर त्या मुलाचा जीव गेला. ज्याच्यापाशी ओलीस नाहीत तो राजाच नव्हे, असे त्यांचे कायदेपंडित मानत. राज्याची मोजणी जमिनीने नव्हे, ओलिसांनी होई. 997 च्या वाटणीत लेन्स्टरच्या लोकांना कोणी विचारले नाही. त्यांची मुले एका खुंट्यावरून सोडून दुसऱ्या खुंट्याला बांधली, एवढेच. दोन वर्षांत लेन्स्टर आणि डब्लिन बंड करून उठले आणि 999 च्या अखेरीस ग्लेनमामा येथे ब्रायनने त्यांना चिरडले.

1002 मध्ये मॅलकीने मोठी लढाई न देता ब्रायनचे वर्चस्व मान्य केले. 1005 साली ब्रायन आर्मा येथील संत पॅट्रिकच्या मठात गेला, वेदीवर वीस औंस सोने ठेवले आणि तिथल्या प्राचीन ग्रंथात त्याच्या कारकुनाने ब्रायनचा उल्लेख आयरिश लोकांचा सम्राट असा केला. सम्राट म्हटले खरे, पण त्याच्यामागे होते काय? सर्व देशाचे न्यायालय नव्हते, कर गोळा करणारे अधिकारी नव्हते, सर्व राजांनी एकत्र बसून ठरवलेला वारसाचा नियम नव्हता. होते ते ओलीस, आणि त्यांना ताब्यात ठेवणारा एक म्हातारा होत चाललेला माणूस. उत्तरेच्या राजांना नमवायला त्याला 1011 पर्यंत पुन्हा पुन्हा स्वाऱ्या कराव्या लागल्या.

मग लेन्स्टरचा राजा मालमोर्डा आणि डब्लिनचा सिट्रिक हे पुन्हा उठले. शुक्रवार दिनांक 23 एप्रिल 1014, गुड फ्रायडे. डब्लिनजवळ क्लॉनटार्फ येथे लढाई झाली. शाळेच्या पुस्तकांत ही लढाई आयरिश विरुद्ध परके अशी सांगत आले. डॅनिअल ओकॉनेलने 1843 साली आपली विराट सभा क्लॉनटार्फलाच ठेवली होती आणि इंग्रज सरकारने ती बंद पाडली, ती याच आठवणीमुळे. पण तो दिवस जरा जवळून पाहा. ब्रायनच्या विरुद्ध लेन्स्टरचे आयरिश उभे होते. डब्लिनचा सिट्रिक हा ब्रायनचा जावई. सिट्रिकची आई गॉर्मला ही मालमोर्डाची बहीण, आणि तीच एकेकाळी ब्रायनची राणी. ब्रायनच्या बाजूनेही परके दर्यावर्दी लढत होते. उत्तरेचे राजे आलेच नाहीत, आणि मॅलकी त्या दिवशी लढला की बाजूला उभा राहिला यावर जुन्या साधनांचे एकमत नाही. हे देशयुद्ध नव्हते. हे सोयऱ्याधायऱ्यांचे, गादीचे युद्ध होते.

ब्रायनचा पक्ष जिंकला. पण ब्रायन मारला गेला, त्याचा मुलगा मुरखा पडला, नातू पडला. मालमोर्डाही पडला. आणि सिट्रिक? तो डब्लिनच्या तटाआड सुखरूप राहिला आणि 1036 पर्यंत राज्य करीत होता. वरचे पद पुन्हा मॅलकीकडे गेले आणि 1022 मध्ये मरेपर्यंत त्याच्याकडेच राहिले. म्हणजे बारा वर्षांचे साम्राज्य एका दुपारीत विरघळले. ब्रायनच्या घरात काय झाले? 1023 साली त्याच्या एका मुलाने, डोनखाने, आपल्या सावत्र भावाचा, टाइगचा, खून करविला. चाळीस वर्षांनी टाइगच्या मुलाने त्या काकाला हाकलले आणि म्हातारा रोमला जाऊन मेला. परक्यांचा निःपात करणारा महावीर ही ब्रायनची जी मूर्ती आज आपण ओळखतो, ती बाराव्या शतकाच्या सुरुवातीस त्याच्या पणतूच्या आश्रयाने लिहिलेल्या ग्रंथातून घडली. घराणे गादीसाठी भांडत होते आणि भांडणाला आजोबांचे नाव हवे होते.

त्यानंतरच्या दीडशे वर्षांतल्या सर्वश्रेष्ठ राजांना बखरकारांनी एक मार्मिक बिरुद दिले आहे : ‘विरोधासह राजा’. म्हणजे राजा आहे, पण सर्वांना मान्य नाही. 1166 साली उत्तरेचा मॅकलॉक्लिन या पदावर होता. त्याने आर्माच्या धर्मगुरूच्या जामिनावर अल्स्टरच्या राजाशी तह केला आणि मग त्याच राजाचे डोळे काढले. जामीन राहिलेली माणसेच उलटली, मॅकलॉक्लिनला कोणी उरले नाही आणि त्याच वर्षी तो मारला गेला. त्याच्या आधाराने तगलेला लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याला रोरी ओकॉनर व इतर राजांनी देशाबाहेर घालवले. त्याच्या वैऱ्यांत टिअरनन ओरूर्क होता, ज्याची बायको डर्मटने 1152 मध्ये नेली होती. पण बायकोची गोष्ट चौदा वर्षांची जुनी, मुलुखाचे भांडण ताजे होते.

डर्मट इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीकडे गेला आणि त्याच्या परवानगीने वेल्समधून भाडोत्री सरदार घेऊन परतला. मधल्या काळात त्याने रोरीला ओलीस दिले होते. 1170 मध्ये शब्द मोडला म्हणून रोरीने ते ओलीस, डर्मटचा मुलगा आणि नातू धरून, ठार केले. कायद्याने तसा त्याला अधिकार होता. फायदा मात्र काही झाला नाही. त्याच वर्षी डर्मटने आपली मुलगी ऐफा स्ट्राँगबो या परक्या सरदाराला दिली, आणि तिच्याबरोबर लेन्स्टरचा वारसाही. 1171 च्या मे महिन्यात डर्मट मेला. ऑक्टोबरात खुद्द हेन्री सैन्य घेऊन उतरला आणि एकामागून एक आयरिश राजे त्याच्यापुढे नमले. वरचा राजा पूर्वीही दूरचाच होता, आता तो समुद्रापलीकडचा झाला, इतकाच फरक त्यांना त्या वेळी वाटला असावा. तो फरक निस्तरायला साडेसातशे वर्षे लागली.

‘फूट पडली म्हणून देश बुडाला’, असा निष्कर्ष काढून घरी जाणे सोपे आहे. तो अर्धवट आहे. फूट तर सहाशे वर्षे होती. त्याच सहाशे वर्षांत एक गोष्ट साऱ्या बेटावर एकच होती, ती म्हणजे कायदा. दीडशे राजे, पण कायद्याची भाषा एक, पंडितांची विद्या एक. 697 साली आयोनाच्या मठाचा प्रमुख अडमनान याने बर येथे सभा भरवली आणि युद्धात स्त्रिया, मुले व धर्मसेवक यांना हात लावायचा नाही, असा नियम केला. त्याला एक्याण्णव मोठ्या माणसांची नावे जामीन म्हणून लागली. त्यांत एकमेकांच्या जिवावर उठलेले राजे होते. त्यासाठी कोणाचा मुलगा खुंट्याला बांधावा लागला नाही. नियम सर्वत्र पाळला गेला असे मी म्हणत नाही. पण वैऱ्यांनी एका कागदाला नावे दिली, हेही त्याच देशाच्या इतिहासात आहे.

चालकांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. माझ्या धंद्यात मी दोन्ही तऱ्हा पाहिल्या आहेत. एका कारखान्याच्या दारावर तीन संघटनांचे तीन फलक पाहिले आहेत आणि तीन पुढारी कामगारांची मोजणी अशी करताना पाहिले आहेत, की जणू ते त्यांच्या ताब्यातले ओलीस आहेत. असे पुढारी कधी कधी एक होतात. मंडप पडतो, हार पडतात, फोटो निघतो. पण सभासदाला कोणी विचारलेले नसते, वर्गणीचा हिशेब कोणी वाचलेला नसतो आणि पुढारी गेल्यावर कोण, याचा नियम ठरलेला नसतो. ही ब्रायनची एकी. ती त्या माणसाइतकीच जगते. उलट, पाचपन्नास माणसांनी न आवडणाऱ्या माणसांसह एका घटनेवर सह्या केल्या, दरवर्षी निवडणूक घेतली, हरलेल्याला सभेत बोलू दिले, अशी लहानशी संघटना पुढारी बदलले तरी टिकलेली मी पाहिली आहे. तिचा फोटो बहुधा कोणी काढत नाही.

म्हणून ‘एक व्हा’ असे कोणी सांगू लागला, मग तो मी का असेना, तर त्याला तीन गोष्टी विचारा. हरलेल्याचे काय होणार? तुमच्यानंतर कोण, हे कोण ठरवणार? आणि या एकीसाठी गाय कोणाची जाणार?